आप्पांची बचत

काही माणसं पैसे उडवून कंगाल होतात. आमचे शेजारी आप्पा वाचवून वाचवून त्या वाटेला लागले आहेत.

साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. ताळेबंद एका पैशाने चुकला तर जेवण जात नसे. पण घरी आल्यावर या हिशेबाचं काय व्हायचं कोण जाणे. कपिलतीर्थ मार्केटात मेथीची जुडी दोन रुपयांनी स्वस्त मिळते, म्हणून आप्पा चाळीस रुपये रिक्षाला घालून तिकडे जातात आणि येताना चार जुड्या आणतात. 'आठ रुपये वाचले,' हे वाक्य ते चप्पल काढायच्या आत म्हणतात.

अशा माणसाच्या दारात १९६४ सालची जीप उभी होती. महिंद्राची सीजे-३बी, सासऱ्यांनी सरकारी लिलावात घेतलेली, त्यांच्या मागे इकडे आलेली. हिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच, कारण आतलं हरिकेन पेट्रोल इंजिनच उंच. त्याचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर बसतात. आप्पांचं स्पष्टीकरण वेगळं होतं. 'हिच्या माहेरची आहे. नाक वर असायचंच.'

२०१२ च्या उन्हाळ्यात पेट्रोल पंचाहत्तरीच्या पुढे गेलं आणि डिझेल पंचेचाळिशीच्या आसपास राहिलं. लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक! आप्पांनी नवी वही काढली. डाव्या पानावर 'बचत', उजव्या पानावर 'खर्च'. पेट्रोलवर जीप लिटरला सात जाते, डिझेलवर बारा जाईल. वर्षाला तीन हजार किलोमीटर धरले तर बावीस हजार वाचतात. जुनं डिझेल इंजिन चाळीस हजाराला बसवून मिळेल. म्हणजे दोन वर्षांत इंजिन फुकट.

'जीप वर्षाला तीनशे किलोमीटर तरी जाते का?' काकूंनी आतून विचारलं.

'आता स्वस्तात पडणार, तर जास्त फिरू की!'

इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आधी परवानगी लागते, हे वाचून आप्पांनी ती रीतसर घेतली. साऱ्या प्रकरणात अंदाजाइतकाच खर्च झालेली ही एकमेव बाब.

कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून इंजिन आलं. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, चार सिलिंडरचं, टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली. बेल हाउसिंग नव्हतं. 'त्याशिवाय घेतलं तर तीन हजार कमी म्हणाला,' आप्पा खुशीत म्हणाले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा तो भाग असतो, आणि तो नसला तर दोघांची ओळखच होत नाही, हे त्यांना मिस्त्रींनी सांगितलं.

मिस्त्रींचं गॅरेज शिवाजी उद्यमनगरात. त्यांनी इंजिनाकडे बघितलं, जीपकडे बघितलं, मग बराच वेळ आप्पांकडे.

'बसवतो की. पर बसलं म्हंजे ऱ्हाईल असं न्हाई.'

आता उद्यमनगरात कुठलीही वस्तू करून मिळते, हेच आप्पांचं दुर्दैव. इंचभर जाडीची लोखंडी प्लेट कापून घेतली. तिच्या एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. लेथवाला प्लेट फिरवून डायल लावत होता. मध्यबिंदू केसभर सरकला तरी गिअरबॉक्सचं बेअरिंग खाऊन टाकेल, म्हणाला. दोनदा प्लेट वाया गेली. तिसरी बसली. तीन हजार वाचवायला अकरा हजार लागले. वहीत डावीकडे तीन मांडले, उजवीकडे अकरा.

पुढचं सगळं या प्लेटच्या मागून आलं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे बसले. नवे पाटे आले. प्लेटच्या जाडीने इंजिन पुढे सरकलं, त्याचा पंखा रेडिएटरला टेकला. रेडिएटर पुढे घेतला. खाली सम्प पुढच्या डिफरन्शियलवर आपटायला लागला. सम्प कापून पुन्हा वेल्ड केला. धक्के सोसायला नवं फाउंडेशन, स्टार्टर फिरवायला मोठी बॅटरी. दर आठवड्याला मिस्त्री नवा आकडा सांगत आणि आप्पा म्हणत, 'आता एवढं घातलंय, तर एवढ्यासाठी कशाला अडायचं?' हा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धान्त. या सिद्धान्तावर त्यांनी एकदा न चालणारा सिनेमा दोनदा पाहिला होता.

इकडे २०१३ च्या जानेवारीपासून डिझेल दरमहा पन्नास पैशांच्या आसपास वाढायला लागलं. जीप गॅरेजात, इंधन पंपावर, आणि बचत वहीत जागच्या जागी झिजत होती. उजवं पान भरलं. आप्पांनी पान उलटलं नाही. कागद वाचवायला उरलेला खर्च डाव्या पानावर, 'बचत' या मथळ्याखाली लिहायला घेतला.

२०१४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले. त्याच मध्यरात्रीपासून भाव तीन रुपयांहून जास्त उतरला. 'बघ!' आप्पा मला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच आठवड्यात इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं ठरलं.

गॅरेजात नारळ फुटला. स्टार्टर फिरला, इंजिन काही घेईना. मिस्त्री म्हणाले, 'एअर धरलीया.' डिझेलच्या नळीत हवा राहिली की पंप हवेलाच ढकलत बसतो. त्यांनी फिल्टरवरचा बोल्ट पाना घेऊन सैल केला आणि अंगठ्याने हातपंप दाबायला सुरुवात केली. फस्स, फस्स. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग निव्वळ, सोनेरी, अखंड धार त्यांच्या बोटांवरून खाली वाहिली. बोल्ट आवळला. 'मारा आता.'

काळ्या धुराचा एक लोट, आणि इंजिन असं काही धडधडलं की शेजारच्या लेथवरचा चहाचा ग्लास चालत कडेला आला. टाळ्या झाल्या. पेढे वाटले. मग आप्पांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

ते बंद झालं नाही.

चावी काढून हातात घेतली, तरी जीप धडधडतच होती. पेट्रोल इंजिनाची ठिणगी चावीने तुटते. डिझेलला ठिणगीच नसते. ते हवा पंधरा-वीस पट दाबून तापवतं आणि डिझेल येतंय तोवर पेटत राहतं. त्याला थांबवायला पंपावरची दांडी ओढणारी तार लागते. आप्पांनी तीनशे रुपये वाचवायला ती तार पुढच्या महिन्यावर टाकली होती.

'ह्येला डिझेल लई लागणार,' कुणीतरी म्हणालं, आणि आप्पांचा चेहरा पांढरा पडला. शेवटी मिस्त्रींनी बॉनेटमध्ये हात घालून पंपावरची दांडी बोटाने दाबून धरली. इंजिन दोन उसासे टाकून गप्प झालं.

पहिली फेरी पन्हाळ्याची. तिसऱ्या गिअरमध्ये साठच्या घरात जीपचा दम संपला. मूळ इंजिन चार हजार फेऱ्यांपर्यंत पळणारं. हे ट्रॅक्टरच्या वंशाचं, अडीच हजारांवर कुरकुरणारं. आणि सीजे-३बीचं क्राउन-पिनियन ५.३८ चं, म्हणजे इंजिनाने टॉप गिअरमध्ये सव्वापाच फेऱ्यांहून जास्त घेतल्यावर चाक एकदा फिरणार. उपाय साधा होता: ४.२७ चं क्राउन-पिनियन. पण ते पुढे-मागे दोन्हीकडे हवं. आप्पांनी फक्त मागचं बदललं. 'फोर व्हील कितीदा लावतो आपण?'

पावसाळ्यात दाजीपूरच्या चिखलात एकदाच लावला. पुढची चाकं एका हिशेबाने, मागची दुसऱ्या. वाटणी झालेल्या भावांसारखी दोघांत अशी ओढाताण झाली की ट्रान्स्फर केस कण्हू लागली. पुढचंही बदलावं लागलं.

जीप आता छान चालते. वर्षाला साधारण तीनशे किलोमीटर.

परवा मी त्यांच्या सोप्यात बसलो होतो. कोपऱ्यात हरिकेन इंजिन, पोत्यावर ठेवलेलं. आप्पांनी ते विकलं नव्हतं, भंगाराच्या भावाने देणं म्हणजे नुकसान. काकूंनी त्याच्यावर फळी टाकली होती आणि फळीवर सांडग्यांचं ताट वाळत होतं. आप्पा वही चाळत होते.

'तिसाचा फरक निम्म्यावर आला बघ,' ते म्हणाले. 'त्यात डिझेलला पंप, नोजल, मोठी बॅटरी. याला काय लागतं? ही प्लेट काढली की हे सरळ आपल्या गिअरबॉक्सला बसतंय. जुनी क्राउन-पिनियनं पण मी ठेवलीत. म्हणजे खर्च काय? शून्य!'

काकू आतून आल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. सांडग्यांचं ताट उचललं, फळी काखेत मारली आणि आत निघून गेल्या.