पाचवा मोड

हल्लीची बॅटरी विझवायची असेल तर आधी जगाला 'वाचवा' म्हणावं लागतं. बटण एकच असतं. पहिल्यांदा दाबलं की लखलखाट, दुसऱ्यांदा मध्यम, तिसऱ्यांदा मंद, चौथ्यांदा डोळ्यांपुढे फडफड, पाचव्यांदा एसओएस: तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे. सहाव्यांदा अंधार. मधल्या पायऱ्या गाळायची सोय नाही. त्यामुळे कुकडीच्या डाव्या कालव्याखाली रात्री दारं धरायला गेलेला गडी बांधावर टेकतो, तंबाखू मळायला हात मोकळे हवेत म्हणून बॅटरी विझवतो, आणि विझवता विझवता बुडत्या जहाजाचा संकेत देऊन बसतो. तंबाखू मळून होते. जहाज काही बुडत नाही. कोणी धावूनही येत नाही.

संकेत तसा भारदस्त आहे. १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत तो मुक्रर झाला आणि १९०८च्या जुलैपासून दर्यावर लागू झाला. जहाजांनीसुद्धा १९९९ साली मोर्सला रामराम ठोकला. आपल्याकडची तार २०१३च्या जुलैत बंद झाली आणि कडकट्ट ऐकून मजकूर उतरवून घेणारे तारमास्तर तर त्याआधीच घरी बसले होते. आज या देशात अस्खलित मोर्स बोलणारी एकच जमात शिल्लक आहे. ती आठवडे बाजारात ताडपत्रीवर, कुलपं आणि उंदरांचे सापळे यांच्या मधोमध, दोनशे रुपयांना मांडलेली असते.

दुकानदाराला विचारलं, हा पाचवा मोड कशाला?

"इमर्जन्सी."

कसली?

"कसलीपण."

मग एकदम बंद करायचं बटण का नाही? तेव्हा त्याने माझ्याकडे, आजोबांना मोबाइल दाखवताना नातू बघतो तसं बघितलं. "काका, फाइव्ह मोड आहे. थ्री मोडचा माल आता येतच नाही."

त्याचं खरंच आहे. आत नखाएवढी चिप, चिपमध्ये भरलेला क्रम. मोड वाढवायला कारखान्याला दमडी लागत नाही, दुसरं बटण बसवायला मात्र लागते. म्हणून खोक्यावरचे मोड वाढत जातात आणि बटण एकचं एकच राहतं. गिऱ्हाईकही मोडच मोजतं. पाच आहेत ना, मग द्या.

आता डोळ्यांपुढे आणा. आवर्तन सुटलंय. येडगावच्या धरणातून पाणी निघालंय आणि ते पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याच्या टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला, पोचायचंय. ते पोचेल यावर टेलवाल्यांचा विश्वास नाही, म्हणून ते रात्रीचे कालव्यावर फिरताहेत. टेलवाले फिरताहेत याची वरच्यांना खबर आहे, म्हणून तेही फिरताहेत. प्रत्येकाच्या हातात फाइव्ह मोड. अलीकडच्या काठावर एकाने बॅटरी विझवली: एसओएस. पलीकडच्याला वाटलं, आपण चारीचं दार बोटभर जास्त उचललं ते कोणीतरी पाहिलं आणि इशारा करतंय. त्याने घाईघाईने आपली विझवली: एसओएस. तिसऱ्याला दोघांची कुजबुज चाललीय असं वाटलं. नेमकं कोण आहे ते बघायला त्याने बॅटरी लावली, आपणच दिसतोय हे ध्यानात आल्यावर विझवली: एसओएस. पुलावर पाटकरी उभा होता. त्याने हे सगळं पाहिलं, आणि पाहिलं असं झालं तर लिहून द्यावं लागेल म्हणून आपली बॅटरी विझवली. एसओएस. घटकाभरात दोन्ही काठ मैलोगणती एकमेकांना कळवताहेत की आम्ही बुडतोय, आणि उत्तर येतंय की आम्हीपण. तिकडे गावात एक जण गच्चीवरून हे लुकलुकणं बघतो आणि चोरांचे ड्रोन आले म्हणून आवई उठवतो. तरणी पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन निघतात. कालव्यावर पोचल्यावर, चोरांना सुगावा लागू नये म्हणून, चाळीस बॅटऱ्या एकदम विझवतात. त्या क्षणी पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर जेवढे एसओएस पाठवले जातात तेवढे अटलांटिकने दोन महायुद्धांत मिळून पाहिले नसतील. मदत मागणारे सोडले तर कालव्यावर दुसरं कोणीच नाही.

आणि चीड याची येते की संदेश खरा असतो. अर्जविनंत्या, निवेदनं, मोर्चे, रास्ता रोको करून त्या माणसाला जे सांगता आलं नाही, ते त्याची दोनशे रुपयांची बॅटरी रोज रात्री बिनचूक सांगते. फक्त वाचणारा नेमलेला नाही. ते पद बहुधा तारेबरोबरच गोठवलं.

चौथ्या मोडबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. ही फडफड हल्लेखोराचे डोळे दिपवायला आहे, असं खोक्यावरच्या चित्रावरून कळतं. चित्रात शिरस्त्राण घातलेला जवान, मागे हेलिकॉप्टर, वर 'मिलिटरी ग्रेड'. जुन्नरच्या उसातून येणारा हल्लेखोर चार पायांचा असतो आणि तो मागून येतो. त्याने खोका वाचलेला नाही.

खोक्यावर मोडच्याही वर एक आकडा असतो: १,००,००० लुमेन. मोटारीचा जुना हॅलोजन दिवा डिपरवर साधारण हजार लुमेन देतो. म्हणजे तळहातात शंभर दिवे आले. एवढ्या उजेडाला साध्या एलईडीला हजारेक वॅट वीज लागेल, इतक्यात घरातली इस्त्री चालते. आत सेल कुठला? १८६५० नावाचा, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. खरा आणि चांगला असला तर साडेतीन हजार मिलिअँपिअर-अवरचा. हजार वॅटला तो मिनिटभरही पुरायचा नाही. म्हणून त्याच्यावर ९९०० छापून प्रश्न सोडवलेला असतो.

प्रामाणिक कंपन्या तेवढं खोटं छापत नाहीत. त्या 'बीम ५०० मीटर' छापतात, आणि ते खरं असतं. पण मानकाप्रमाणे बीम जिथे संपला असं धरतात तिथे पाव लक्स उजेड उरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. अर्धा किलोमीटर लांब चांदणं पाडण्यासाठी तुम्ही पैसे मोजता. ती पोच दुप्पट करायची तर झोताची तीव्रता चौपट करावी लागते, म्हणून हजार मीटरवाली बॅटरी भलतीच महाग असते. आणि कालव्यावरच्या माणसाला हजार मीटरवर बघायचंय काय? त्याला पायापुढचे दहा-पंधरा मीटर बघायचे असतात. त्याला दोनशे-तीनशे लुमेन रग्गड झाले, झोत मात्र पसरट हवा. उलट बारीक, तेज झोत घात करतो: नितळ पाणी उजेड पुढे भिरकावून देतं, आपल्या डोळ्यांकडे फारसा पाठवत नाही, त्यामुळे भरलेला कालवा आणि ओला डांबरी रस्ता दोन्ही सारखेच काळे दिसतात. रंगाचंही तसंच. निळसर पांढऱ्या उजेडात तपकिरी छटा मरतात, आणि घोणस नेमकी त्याच छटांची असते. पाचटावर पडलेली घोणस पिवळसर उजेडात लवकर उमगते. पण पिवळसर बॅटरी मागितली की दुकानदार म्हणतो, "जुना माल आहे का बघतो." पिवळा म्हणजे बल्बचा, बल्बचा म्हणजे गरिबाचा, हे समीकरण बाजारात पक्कं बसलंय.

पाण्यापासून संरक्षणाचे आकडे तेवढे कामाचे आहेत. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसेल. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकेल. कालव्यासाठी सातच्या खाली जाऊ नका. बॅटरी अर्धा तास टिकते हे छापलेलं असतं. ती धरणाऱ्या माणसाचा आकडा कुठे छापत नाहीत.

तो कमी आहे. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या बाजू उतरत्या, गुळगुळीत, वर शेवाळ. भरून वाहत्या कालव्यात पडलेल्या माणसाला धरायला काही नसतं. पायऱ्या कुठेतरी लांब, साखळी नाही, दोर नाही, कठडा तर विचारूच नका. पाणी गळू नये म्हणून भिंतीला काँक्रीट लावताना त्यातून माणूस वर येईल अशा चार खुंट्या मारायचं अंदाजपत्रकात सुचत नाही. पाटी मात्र असते: 'कालव्यात उतरू नये.' उतरणारा पाटी वाचून उतरत नाही हो, तो घसरतो. रात्री दोन वाजता घसरतो.

आणि रात्री दोन वाजता तो तिथे गेलाच का? हौस म्हणून? शेजपाळीत, म्हणजे एकामागोमाग एक शेताला पाणी देण्यात, नंबर घड्याळ बघून लागत नाही. पाणी चोवीस तास वाहतं. दोनला पाळी आली तर दोनला दार उघडायचं, नाही उघडलं तर पाणी पुढच्याचं. पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज दिवसा, पाणीपट्टी दिवसा, सही दिवसा, शिक्का दिवसा. पडला तर पंचनामासुद्धा दिवसा. पाणी तेवढं रात्री. विहिरीवर मोटार असलेल्याने खूश व्हायचं कारण नाही. कृषिपंपांना वर्षानुवर्षं थ्री-फेज वीज चक्राकार मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्री दोन तास जास्त! जागायचा बोनस. साप, विंचू, बिबट्या यांच्या कामाच्या वेळा लक्षात घेऊनच कोणीतरी हे वेळापत्रक आखलं असणार, एवढा बारीक मेळ योगायोगाने बसत नाही. आता सौर पंप आलेत, सगळ्यांना दिवसा वीज देणार म्हणतात. देवोत. पण कालव्याला मावळतीची सूचना कोण देणार? रात्रीचं पाणी तळ्यात साठवून दिवसा सोडायची युक्ती सिंचनाच्या पाठ्यपुस्तकांत आहे, ती परीक्षेत लिहून पास झालेले लोकही आहेत. ते आता रात्री झोपतात. अंधाराचा प्रश्न तळ्याने सुटतो, तो आपण बॅटरीने सोडवायला काढला, आणि बॅटरी विकणाऱ्याने तिच्यात फडफड घातली.

शहरात कालवा रिकामटेकड्यांच्या व्यायामाला असतो, तिथली तऱ्हा वेगळी. पुण्यात मुठा उजव्या कालव्याच्या कडेने लोक पहाटे आणि रात्री चालतात, सायकली हाकतात. हाच कालवा २०१८च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ फुटला तो भर दिवसा. तेव्हा लख्ख उजेड होता, तरी तो फुटायचा थांबला नाही, म्हणजे उजेडाने सगळं निभावतं हा समज तिथेही फारसा उपयोगाचा नाही. पण सायकलस्वाराला तो समज फार. हँडलवर हजार लुमेन, हेल्मेटवर आणखी पाचशे, आणि दोन्ही लुकलुकत. का? तर म्हणे 'व्हिजिबिलिटी'. अरे, तू दिसतोस. तूच दिसतोस. रस्ता, दगड, म्हातारी, कुत्रं, कालवा, बाकी काहीच दिसत नाही. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात, तू ती अर्ध्या सेकंदात पुसून पुढे जातोस. जर्मनीत सायकलचा पुढचा दिवा लुकलुकता असणं नियमात बसत नाही, आणि झोत वरच्या बाजूने कापलेला असावा लागतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. असले दिवे विकत मिळतात. घेणारा नाही, कारण त्यांना मोड कमी.

एके काळी याच शहरात दिव्याविना सायकल चालवली की हवालदार पकडायचा. आधी रॉकेलचा दिवा, मग डायनामो: सहा व्होल्ट, तीन वॅट, टायरवर घासून घुंईऽ आवाज करणारा. हवालदार दिसला की लोक खाली उतरून सायकल हातात धरून सज्जनासारखे चालायचे. त्या तीन वॅटमध्ये खड्डा दिसायचा, माणूस दिसायचा, आणि थांबलं की दिवा आपोआप विझायचा. विझताना काही बोलायचा नाही. आता उजेड कमी म्हणून कोणी पकडत नाही, जास्त म्हणून तर नाहीच नाही.

तेव्हा घ्यायचीच असेल तर विझवायचं बटण वेगळं असलेली, पसरट झोताची, पिवळसर उजेडाची आणि सेल बदलता येणारी बॅटरी मागा. दुकानदार हसेल, हसू दे. सायकलचा दिवा स्थिर ठेवा, त्याचं तोंड रस्त्याकडे करा. समोरून कोणी पायी येत असेल तर झोत आणखी खाली घ्या. कालव्याच्या कडेला त्याला सरकायला एकच बाजू असते.