खुळ्यांच्या बाजूने

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या म्हातारीचं रक्त घेऊन तिच्या विसरण्याचं मूळ जनुकांत शोधणं हा खुळेपणा आहे, असं शहाणी माणसं म्हणतात. त्यांची कारणं भक्कम आहेत. ‘साठी बुद्धी नाठी’ हे निदान फुकट मिळतं. त्याला ना प्रयोगशाळा लागते, ना मेंदूविकारतज्ज्ञ. दसरा झाला की घरातली कर्ती माणसं कोयता घेऊन साखर कारखान्यांची वाट धरतात. मागे राहिलेली आजी काय विसरते ते बघायला घरी असतं कोण? शिवाय युरोप-अमेरिकेत संशोधन झालेलंच आहे.

मी मात्र खुळ्यांच्या बाजूने उभा आहे.

पहिला खुळेपणा हरियाणातल्या बल्लभगडचा. 1990 च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधक तिथल्या खेड्यांत वृद्धांच्या घरोघरी गेले. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शाळेची पायरी न चढलेला माणूस निव्वळ त्यामुळे रोगी ठरू नये, म्हणून त्यांनी परदेशी स्मरणचाचणी बदलून हिंदीत नव्याने बेतली. मग रक्त तपासलं. एपीओई जनुकाचा ई-4 हा प्रकार 1993 पासून अल्झायमरशी जोडला गेला आहे. तो बल्लभगडमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या वृद्धांपेक्षा कमी आढळला, पण रोगाशी त्याचं नातं तसंच निघालं. नायजेरियातल्या इबादानच्या योरुबा लोकांत हे नातं क्षीण दिसलं. जपानी लोकांत युरोपीयांहून घट्ट. म्हणजे एका समूहाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. तरीही 2018 मध्ये जगातल्या जनुकीय अभ्यासांत सहभागी झालेले सुमारे 78 टक्के लोक युरोपीय वंशाचे होते.

दुसरा खुळेपणा मोठा. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या ‘लासी’ सर्वेक्षणाने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून अधिक भारतीयांना गाठलं. त्याला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासातून अंदाज निघाला, की साठी ओलांडलेल्या 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीयांना हा विकार आहे. उरलेल्या 92.6 टक्क्यांबाबत म्हण खोटी ठरली. याच अभ्यासातल्या 2,762 जणांचे संपूर्ण जनुकक्रमही वाचले गेले. शतकानुशतकं जातीतल्या जातीत लग्नं झाल्यामुळे इतरत्र दुर्मीळ असलेले बदल आपल्याकडे एकेका समूहात साठलेले सापडतात. त्यांत धोका वाढवणारे असतील, तसे राखण करणारेही असू शकतील. आइसलँडच्या छोट्या लोकसंख्येत असा राखण करणारा बदल 2012 मध्ये सापडला.

तिसरा खुळेपणा बीडमध्ये व्हायला हवा: रक्ताबरोबर आयुष्यही लिहून घेण्याचा. कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण यांनीही धोका वाढतो. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कमी वयात अंडाशयंही काढली गेली तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. त्यात ई-4 ची भर पडली तर काय होतं, हा प्रश्न विचारण्याची जागा बीडच आहे.

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुरुवात तिथून करावी. चाचणी इथल्या बोलीत असावी, संमती समजावून घ्यावी, रक्तदाब आणि ऐकू येणं त्याच भेटीत तपासावं आणि निष्कर्ष मराठीत घरपोच द्यावा. आणि असं कुणी दारात आलं, तर ‘म्हातारीला काय विचारता?’ म्हणून त्याला परत पाठवू नका. तिलाच विचारू द्या.