भिंतीला तोंडघशी पाडण्याचे शास्त्र

रस्त्यावरच्या चित्रासमोरून माणूस जात असताना नेमक्या क्षणी कॅमेऱ्याचं बटण दाबून दोघांची गाठ घालून देणं, म्हणजे पोस्टरवरच्या वाघाच्या जबड्यात कारकुनाचं डोकं किंवा नेत्याच्या उगारलेल्या बोटावर कावळा, हा पोरखेळ आहे असं मानणाऱ्यांनी पुढे वाचू नये. बाकीच्यांनी पहिला नियम पाठ करावा : हसं भिंतीचं व्हावं, चालणाऱ्याचं नव्हे. भिंत परवानगी घेऊन (बहुधा न घेताच) लोकांना काहीतरी ऐकवायला उभी असते, तेव्हा तिला उलट बोलणं रास्तच. चालणारा बिचारा डबा सांभाळत लोकल गाठायला निघालेला असतो. त्याच्या टकलावर मागच्या जाहिरातीतली शिंगं उगवलेली दाखवणं सोपं आहे, आणि म्हणूनच ते नवशिक्यांनी चार दिवस करून सोडून द्यावं.

तेव्हा आधी माणूस शोधू नका, भिंत शोधा, आणि तीही बढाईखोर. १९३७ साली छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर सामान घेऊन पायी चाललेली दोन माणसं टिपली. शेजारी रेल्वे कंपनीचा भलामोठा फलक, त्यावर खुर्चीत रेललेला प्रवासी आणि सल्ला : पुढच्या वेळी आगगाडीने जा, आराम करा. त्याच वर्षी मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी अमेरिकेतल्याच लुईव्हिलमध्ये मदतीसाठी रांगेत उभे असलेले कृष्णवर्णीय पूरग्रस्त टिपले. त्यांच्या डोक्यावर हसऱ्या गोऱ्या कुटुंबाची मोटार, आणि जगातलं सर्वोच्च राहणीमान आमचंच, अशी ग्वाही. दोन्ही चित्रांत माणसांनी काहीच केलेलं नाही. ती नुसती चालली, नुसती उभी राहिली, आणि भिंत खोटी पडली. आपल्याकडे अशा भिंतींचा तुटवडा नाही. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे, बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली सविस्तर निकाल दिला आहे, त्यामुळे कच्चा माल कायम मुबलक. भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उत्तम : गॉगल, जोडलेले हात, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची माळ आणि विकासाचं आश्वासन. त्याच्या पुढ्यात खड्डा असतोच. पाऊस पडू द्या आणि तो ओलांडणाऱ्याची वाट पाहा. कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून बसवलेल्या देवादिकांच्या टाइल्स मात्र टाळा. तिथे माणूस हात जोडतो, भिंतीचा हेतू सफल होतो आणि तुमचा फुकट जातो.

तंत्र थोडक्यात असं. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, म्हणून त्याला पुढचं-मागचं एकाच पातळीवर चिकटलेलं दिसतं. तुम्हीही एक डोळा मिटून बघा, म्हणजे जोडी कुठे जुळते ते कळेल. माणूस आणि भिंत दोन्ही स्पष्ट हवीत, म्हणून भिंगाचं छिद्र लहान ठेवा. मोबाइलमध्ये ती कटकट जवळपास नसते. खाली बसलात तर माणूस मोठा होतो आणि नेता त्याच्या खांद्याशी येतो, जे लोकशाहीलाही धरून आहे. मग हलू नका. यात कौशल्य कसलं, सगळा योगायोग, असं कोणी म्हणेल आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९३२ सालच्या पॅरिसमधल्या छायाचित्राकडे बोट दाखवेल : स्टेशनामागच्या डबक्यावरून माणूस झेपावतोय आणि मागच्या पोस्टरवर तशीच झेप घेणारी नर्तकी. योगायोग खराच, पण अर्धाच. पोस्टर कुठे पळून जाणार नव्हतं आणि डबकंही. अर्धं गणित आधीच मांडलेलं असेल, तर उरलेल्या अर्ध्यासाठी नशिबाला फारसे कष्ट पडत नाहीत.

दुसरा आक्षेप जड आहे : अशी चित्रं फसवतात. बर्क-व्हाइट यांच्या चित्रातली रांग ओहायो नदीच्या पुराची होती, पण पुढे ते चित्र मंदीतल्या बेकारीची ओळख म्हणूनच मिरवलं. हा दोष मान्य करायला हवा, आणि त्यावर उपाय रुक्ष आहे : चित्राखाली ठिकाण, तारीख आणि कारण लिहा. फलकाची बढाई त्यामुळे खरी ठरत नाही. तिसरा आक्षेप थेट पहिल्या नियमालाच आहे. रोबेर द्वानो यांनी १९४८ साली पॅरिसमधल्या दुकानात आतून लपवलेल्या कॅमेऱ्याने काचेबाहेरचं जोडपं टिपलं. बायको एका चित्राविषयी काहीतरी सांगतेय आणि नवऱ्याची तिरकी नजर बाजूच्या नग्न चित्रावर. इथे तर चालणाराच पकडला गेला! गेला खरा, पण स्वतःच्या करणीने. द्वानोंनी त्याला शिंगं चिकटवली नाहीत, त्याने आपली आपण आणली. एवढीच सवलत नियमात आहे. एखाद्या मित्राला ठरवून फलकासमोरून चालवणं मात्र त्यात बसत नाही. द्वानोंच्याच १९५० सालच्या प्रसिद्ध चुंबनचित्रातली जोडी ठरवून आणलेली होती. हे पुढे उघड झालं आणि त्या चित्राकडे पहिल्यासारखं बघणं अवघड झालं. ठरवून आणलेला माणूस भिंतीला खोटं पाडू शकत नाही, कारण तो भिंतीसारखाच कोणाच्या तरी सांगण्यावरून तिथे उभा असतो.

सराव फ्लेक्स लटकलेला असतानाच उरकून घ्या. वाढदिवस उलटला की तो उतरतो आणि पावसाळ्यात भाजीवाल्याच्या गाड्यावर उलटा ताणला जातो. तिथे त्याचा फोटो काढू नका. नेता तेव्हा खरोखरच लोकांच्या उपयोगी पडत असतो.