कशापासून?

उन्हाळा सरत आला की उत्तर अलास्काच्या टुंड्रात लोखंडी सळई घेऊन चिखल तुडवणारा एक माणूस हमखास दिसतो. पायात गुडघाभर रबरी बूट, तोंडावर डासांची जाळी आणि जाळीआड सावकाराच्या दिवाणजीसारखे संशयी डोळे. हा जमीन मोजणारा. उत्क्याग्विकला, म्हणजे जुन्या बॅरोला जा, नाहीतर सैबेरियातल्या याकुत्स्कला. भाषा बदलेल, नमुना बदलायचा नाही.

काम तसं साधं. इथली जमीन खाली वर्षानुवर्षं गोठलेली. तिला म्हणायचं पर्माफ्रॉस्ट. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो. शंभर मीटरचा चौकोन आखायचा, दर दहा मीटरला सळई खुपसायची, गोठलेल्या थराला लागून ‘टक्’ झालं की खोली वहीत लिहायची. असे 121 टोचे. कितीतरी ठिकाणी आकडे वर्षानुवर्षं जवळपास तेच येत, आणि हा निवांत कॉफी पीत असे.

मग नेमकं मोजणारं जीपीएस आलं आणि घोटाळा झाला. सळईचा आकडा तोच, पण अख्खी जमीनच खाली गेलेली! गोठलेल्या थराच्या माथ्यावरचा बर्फ वितळला, पाणी निघून गेलं, वरची माती बसली. खालची पातळीही उतरली, वरचीही. मधलं अंतर जैसे थे. सळई खरंच बोलत होती हो, विचारणाऱ्याचाच प्रश्न अपुरा होता.

तेव्हापासून याचा स्वभाव बिघडला. बायको कौतुकानं म्हणाली, “पोरगा दोन इंच वाढला.”

“कशापासून?”

“अरे, जमिनीपासून!”

यावर तो नुसता खिन्न हसला.

जमीन किती बसली हे कळायला न हलणारी खूण हवी. पण हिवाळ्यात माती फुगते आणि रोवलेला खांब मुळासकट वर ढकलते. म्हणून यानं सळई पार खोल, कायम गोठलेल्या थरात रुतवली. वरच्या भागाला ग्रीस भरलेली नळी घातली, म्हणजे फुगणाऱ्या मातीला सळई धरता येणार नाही. मग तिच्यावर लक्ष ठेवायला दुसरी सळई रोवली. दोघींत मतभेद झाले, तेव्हा तिसरी.

शिवाय जमिनीची वरची बाजू नेमकी कोणती, हा वाद आहेच. शेवाळाचा शेंडा की बूड? बूट टेकला की शेवाळ दबतं. असे दोन मोजणारे एका शेवाळावर भेटले तर जेवण विसरावं.

2020 मध्ये सैबेरियातल्या नोरिल्स्कला डिझेलची टाकी फुटून सुमारे वीस हजार टन इंधन सांडलं. मालकांनी वितळत्या जमिनीकडे बोट दाखवलं. जमिनीला वकील नसतो. आमच्या गृहस्थांनी मात्र एवढंच विचारलं, “किती खचली? आणि कशापासून?”

परवा एक तरुण सहकारी लॅपटॉप घेऊन आला. “सर, आता चिखलात जायलाच नको. भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह 2025 च्या जुलैत श्रीहरिकोट्याहून गेलाय. दर बारा दिवसांनी तीच जागा रडारनं बघतो. जमीन सेंटिमीटरभर हलली तरी कळतं.”

“कशापासून?”

पोरगा घुटमळला. “म्हणजे... एक न हलणारी जागा धरावी लागते. बाकी सगळं तिच्या तुलनेत.”

“कुठली धरलीय?”

“तुमची सळई, सर.”

“तीनपैकी कुठली?”