तिप्पट कापड

धरमपेठ घ्या नाहीतर महाल, नागपूरच्या कुठल्याही गल्लीत एक तरी स्मॉकिंगवाल्या काकू असतातच. नात्यात कुणाला दिवस गेल्याचं कळलं की बाकीच्या बायका डिंकाच्या लाडवांचं बघतात, काकू बाळाच्या फ्रॉकच्या कापडाचा हिशेब मांडतात. छातीचा घेर वीस इंच, तर कापड साठ. स्मॉकिंगला, म्हणजे चुण्या पाडून त्यांवर टाके घालायला, तिप्पट लागतंच. "एवढ्याशा पोरीला एवढं कापड?" असं गांधीबागेतला दुकानदार एकदाच विचारतो. उत्तर अर्धा तास चालतं. काकूंचं बोलणंही तिप्पट मापाचं. फक्त तिथे दोरा ओढून आवरायला कोणी नाही.

पट्टी धरून पेन्सिलीचे ठिपके, ठिपक्यांवरून धावदोऱ्याच्या ओळी, मग सगळे दोरे एकदम ओढायचे. सरळ, बारीक चुण्या उभ्या राहिल्या की त्यांवर केबल, लाट, हनीकोंब. काही जणी चौकडीचं कापड आणून चौकटीच्या कोपऱ्यालाच ठिपका मानतात. काकूंच्या लेखी ही परीक्षेतली कॉपी. नक्षी झाली की कच्चे दोरे उसवायचे. त्या वेळी कुकरनेसुद्धा शिट्टी द्यायची नाही.

रबरी इलॅस्टिक नव्हतं तेव्हा इंग्लंडातले शेतमजूर असेच चुण्यांचे ढगळे सदरे घालून राबत. चुण्या ताणल्या जातात, हात अडत नाहीत. हे काकूंना सांगून पाहावं. "मजुराचे? काही बी सांगता बाप्पा!" काकूंचा इतिहास गावातच सुरू होतो. जमशेदजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. ती बंद पडल्यापासून कापडाला चुण्याच धड पडत नाहीत, हे काकूंचं ठाम मत. गिरणी बंद पडण्याची इतर कारणं त्यांना किरकोळ वाटतात.

काकांकडे खातं दोऱ्याच्या लड्यांचं. गुलाबीचा नंबर चिठ्ठीवर घेऊन ते इतवारीत जातात, शेजारच्या नंबरचा गुलाबी आणतात आणि परत जातात. निवृत्तीनंतरही काकांची साखर ताब्यात आहे, याचं श्रेय काकू घेतात.

फ्रॉक तयार होतो तो नेमका मे महिन्यात. पारा पंचेचाळीसच्या पुढे, अन् पोरीच्या छातीवर चुण्यांचा तो जाड थर. पोर भोकाड पसरते. "किती सुंदर दिसून राहिली! नजर लागली माय," म्हणत काकू मीठमोहऱ्या घेऊन येतात. घाम कुणालाच दिसत नाही.

हल्ली त्या कुशनकडे वळल्या आहेत. साटीन, टाके उलट बाजूने, वर नुसती फुगीर जाळी. दिवाणावर अशी सहा मांडलेली, त्यामुळे पाहुणे कडेला अर्धवट टेकून चहा पितात. परवा जावई चुकून मागे रेलले.

"जावईबापू, पाठ दुखून राहिली का? आत गादी घालून देऊ?"