अजून थोडी डावीकडे

प्रोसेसरच्या पिना कोणीही वाकवत नाही. त्या वाकलेल्या सापडतात. आमच्या नात्यागोत्यातून आणि सोसायटीतून जेवढे वाकड्या पिनांचे प्रोसेसर माझ्यापर्यंत आले, त्यांतला एकही कोणाच्या हातून पडलेला नव्हता की कोणी उलट्या बाजूने दाबून बसवलेला नव्हता. ‘खोक्यातूनच असा आला.’ ‘बाईंनी टेबल पुसलं असेल.’ एकदा तर मांजराचं नाव पुढे आलं. मांजराने कॅबिनेटचे स्क्रू काढले, फॅन उतरवला, प्रोसेसर उचलून पाहिला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला, असं मानून चालायचं आणि कामाला लागायचं. उलटतपासणी घेतली की माणसं पुढच्या वेळी येत नाहीत. घरीच पक्कड घेऊन बसतात, आणि मग आणतात ते बघवत नाही.

माझी पात्रता म्हणाल तर एवढीच, की माझा हात थरथरत नाही आणि मला घाई नसते. या दुसऱ्या गुणाबद्दल ऑफिसात मला लेखी समजही मिळालेली आहे.

ज्यांनी हा ऐवज जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एएमडीचा एएम४ जातीचा प्रोसेसर म्हणजे चार सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद अशी चौकोनी चकती. पाठीवर धातूचं झाकण, त्यावर नाव-गाव. उलटी केली की पोटाला १३३१ पिना. दोन पिनांमधलं अंतर जेमतेम मिलिमीटरभर. इंटेलचा ४००४ हा १९७१ साली आला तेव्हा त्याला सोळाच पाय होते, आठ इकडे, आठ तिकडे. एखादा वाकला तर नखाने सरळ करावा. १९७८च्या ८०८६ला चाळीस झाले, ४८६ला १६८, आणि पुढे मोजण्यात अर्थ राहिला नाही. इंटेलने २००४मध्ये डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरच्या पिना काढून मदरबोर्डच्या सॉकेटात बसवल्या. एएमडीने नेहमीच्या डेस्कटॉपसाठी तेच २०२२मध्ये केलं. त्यामुळे पिना वाकायच्या थांबल्या असं नाही. पूर्वी प्रोसेसर घेऊन येणारे आता मदरबोर्ड घेऊन येतात. सॉकेटातल्या पिना म्हणजे तिरक्या, आकडेबाज स्प्रिंगा. त्यांना मी हात लावत नाही. लोक म्हणतात, ‘बघा तरी.’ मी बघतो आणि परत देतो.

भाच्याचा प्रोसेसर मात्र पिनावाला होता. त्याला फॅनवरची धूळ काढायची होती. फॅन आणि प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. ती वर्षानुवर्षं तिथे बसून वाळते आणि दोघांना असं धरते, की सॉकेटची दांडी खाली असताना, कुलूप लागलेलं असताना, फॅन सरळ वर ओढला तर प्रोसेसरही त्याच्यासकट उपटून येतो. यावर उपाय अगदी सोपा. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करायची, मग बंद करून फॅन आधी डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळायचा आणि सुटल्याचं हाताला कळलं की उचलायचा. हा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो, नंतर. भाच्याने व्हिडिओ पाहिला होता, पण तो पेस्ट लावायची कशी याचा. काढायचं कसं, हा पुढचा भाग होता. मग फॅनला लटकलेला प्रोसेसर, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, ‘निसटला’. खाली फरशी होती.

माझ्याकडे येण्याआधी त्याने लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय म्हणून तिथला कोणी दुकानदार तसं म्हणेल या भ्रमात राहू नये. डोंबिवलीहून निघायचं, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, आणि एवढा सगळा वेळ पिना वर आणि डबा आडवा. बहिणीने प्रोसेसर स्टीलच्या चपट्या डब्यात घालून दिला होता. सकाळच्या लोकलमध्ये आडवा डबा छातीशी धरून उभा असलेला मुलगा पाहिला की ग्रुपवाल्यांना दुसरं काही सुचत नाही. ‘ढोकळा का रे?’ असं विचारून एकाने झाकणाला हातही घातला होता म्हणे. लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं. ‘फिजिकल डॅमेज. वॉरंटी नहीं मिलेगी. नया ले लो.’ एवढ्या प्रवासाचं निदान एवढ्या थोड्या शब्दांत होतं, म्हणून मला त्या रस्त्याबद्दल आदर आहे.

रविवारी डबा आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. पिनांवर सोन्याचा मुलामा असतो असं भाचा बोलून गेला आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘सोन्याच्या आहेत तर मग सोनाराकडे न्या. तुम्ही कशाला हात लावताय?’ सल्ला हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. सोनाराकडे भिंग असतं, बारीक चिमटा असतो आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना मान खाली घालून काम करायची सवय असते. पण एवढ्याशा मुलाम्यावर तो घडणावळ किती लावेल, यावर आई आणि बहीण यांचं एकमत होईना, आणि काम माझ्याकडेच राहिलं.

आधी बघायचं, आणि बघायचं म्हणजे वरून नाही. प्रोसेसर डोळ्यांच्या पातळीला धरायचा, मोबाइलचा टॉर्च आडवा लावायचा आणि पिनांच्या रांगेतून आरपार नजर टाकायची. चारही बाजूंनी. सगळ्या पिना सरळ असतील तर पलीकडचा उजेड बारीक पट्ट्यांनी दिसतो. एखादी वाकलेली असेल तर ती शाळेच्या कवायतीत चुकीचा हात वर केलेल्या मुलासारखी लगेच नजरेत भरते. भाच्याच्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यातल्या बऱ्याच पिना कलल्या होत्या आणि त्यांतली एक तर पूर्ण आडवी, शेजारणीच्या पायाशी झोपलेली.

आता हत्यार. हजारोंच्या वस्तूला लागणारं हत्यार शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, ते म्हणजे पॉइंट फाइव्हची पेन-पेन्सिल. आतलं शिसं काढून टाकायचं. पुढे जी बारीक धातूची नळी उरते ती पिनेवर अलगद जाते. नळी पिनेच्या बुडापर्यंत न्यायची आणि मनगट न हलवता पेन्सिल उभी करत आणायची. पीन तिच्याबरोबर येते. ओढायचं नाही, पिळायचं नाही. रांगच्या रांग थोडी कललेली असेल तर जुनं एटीएम कार्ड मधल्या गल्लीत घालून हलकं रेटलं की भागतं. आडवी झोपलेली असेल तिच्या खाली आधी सुई किंवा ब्लेडचं टोक घालून तिला उठतं करायचं, मग पेन्सिल. हे सगळं चालू असताना घरातला फॅन बंद ठेवावा लागतो आणि खोलीतल्या प्रत्येकाला त्याच वेळी काहीतरी विचारायचं असतं.

कोपरा उभा राहिला. आडवीसुद्धा आली. मी पुन्हा आरपार पाहिलं. तीच एक केसभर उजवीकडे होती. माझ्या दृष्टीने काम संपलं होतं. सॉकेटच्या भोकांना थोडी सूट असते. दांडी वर करून प्रोसेसर कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण जुळवून ठेवला आणि तो स्वतःच्या वजनाने आत बसला, की परीक्षा पास. दाबायचं नसतं. दाबावं लागलं, तर अजून एखादी वाकडी आहे एवढाच त्याचा अर्थ. धातूचंही एक म्हणणं असतं. एकदा वाकवलं, सोसतो. सरळ केलं, सोसतो. पण दर खेपेला तो अधिक ताठर होत जातो, आणि मग एका खेपेला सोसत नाही.

हे मी भाच्याला सांगत होतो आणि नेमके तेव्हाच तळमजल्यावरचे काका आले. काका एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माल नापास केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. सोसायटीचं नवं गेट त्यांनी नापास केलं आहे. त्यांनी खिशातून भिंग काढलं (ते असतंच), प्रोसेसर न्याहाळला आणि म्हणाले, ‘ही अजून थोडी डावीकडे यायला हवी.’

‘काका, एवढी सूट असते.’

‘सूट दिली की माल बिघडतो.’

दारावर इस्त्रीवाला आला होता. मी कपडे मोजून घेऊन, सुट्टे पैसे शोधून, देऊन परत आलो तेव्हा पेन्सिल काकांच्या हातात होती आणि भाचा भिंतीकडे तोंड करून उभा होता. काकांनी ती पीन डावीकडे आणली होती, मग ती जरा जास्त डावीकडे झाली म्हणून उजवीकडे, आणि आता शेवटचा हात. आवाज असा फारसा झाला नाही. काकांनी पेन्सिलची नळी तळहातावर आपटली. त्यातून मुगाच्या टोकाएवढंही नसलेलं काहीतरी सोनेरी पडलं.

काकांनी ते भिंगातून पाहिलं. ‘ही तुटलेलीच होती,’ ते म्हणाले. ‘नुसती उभी होती.’

इतक्या पिनांत पुष्कळशा वीज आणायला आणि परत न्यायला असतात. त्यांतली एखादी गेली तरी शेजारणी तिचं काम ओढून नेतात. पिनांचा नकाशा भाच्याने मोबाइलवर काढला, रांगा-स्तंभ मोजले आणि गप्प झाला. गेलेली पीन मेमरीच्या एका चॅनेलची होती. तिचं काम करणारी दुसरी कोणी नव्हती. मशीन जोडलं. पंखा फिरला, पडदा उजळला, बहिणीने देवाला साखर ठेवली. पण १६ जीबी रॅमऐवजी ८ दिसत होती.

‘एवढ्याशा मुलाला लागते कशाला एवढी मेमरी?’ काका म्हणाले. ‘आमच्या वेळी सगळं तोंडपाठ असायचं.’

भाचा मात्र माझ्याहून हुशार निघाला. मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट होते. दोन्ही पट्ट्या त्याने जिवंत राहिलेल्या चॅनेलच्याच दोन स्लॉटमध्ये हलवल्या आणि सोळाच्या सोळा परत आल्या. आता मेमरीचा सगळा कारभार एकाच रस्त्याने चालतो, त्यामुळे त्याच्या गेममध्ये मधूनच शत्रू थबकतो म्हणे. पण भाचाही थबकतो, तेव्हा हिशेब बरोबर. काकांनी ही दुरुस्ती पास केली. बरीच वर्षं त्यांच्याकडून पास झालेली ही पहिलीच वस्तू असावी.

त्यांनी आता स्वतःची पेन-पेन्सिल घेतली आहे, पॉइंट थ्रीची. माझ्या पॉइंट फाइव्हमध्ये त्यांच्या मते फार प्ले आहे. परवा बी विंगमधून एक जण मदरबोर्ड घेऊन आला, सॉकेटातल्या पिना वाकलेल्या. मी नेहमीप्रमाणे पाहिला आणि परत दिला. तो जिना उतरत होता तेवढ्यात खालचं दार उघडलं आणि ‘काय नापास झालंय?’ असं कोणीतरी मोठ्या उत्साहाने विचारल्याचं वरपर्यंत ऐकू आलं.