ड्रॅगन राहू द्या, आधी स्वयंपाकाचं बोला

फँटसी कादंबरीत ड्रॅगन आहे म्हटलं की मी लगेच मान्य करते. आग ओकतो? ओको बापडा. झाडं चालतात, आरसे बोलतात, दुसऱ्या खंडात मेलेला जादूगार तिसऱ्यात उठून बसतो, सगळं कबूल. माझं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ही माणसं महिनोन्महिने रानावनातून चालली आहेत, तर खातात काय? शिधा कोणाच्या पाठीवर आहे? रात्री भांडी कोण घासतं? सातशे पानं उलटूनही याचा पत्ता लागला नाही, तर त्या जगातल्या राजघराण्यांवरचा माझा विश्वासही डळमळायला लागतो.

बरेच लेखक या प्रश्नाची बोळवण रश्श्यावर करतात. डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेने १९९६ साली ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ नावाचं एक खट्याळ पुस्तक काढलं. फँटसीच्या देशात जाणाऱ्या प्रवाशांसाठी लिहिलेलं माहितीपुस्तकच ते. त्यात त्यांनी बजावून ठेवलंय की या देशात कुठेही जा, पुढ्यात रस्साच येणार. आता दिवसभर घोडा दामटून, मागे शत्रू लागलेला असताना, मांस शिजायची वाट बघत तासन्‌तास कोण बसेल? आपल्याकडे अशा वेळी मुकाट्याने पिठलं करतात.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टोल्किन मात्र या परीक्षेत पहिल्या वर्गात पास. त्यांच्या कादंबरीतले बुटके हॉबिट जमेल तेव्हा दिवसाला सहा वेळा जेवतात, हे ते प्रस्तावनेतच सांगून मोकळे होतात. पण माझा खरा जीव सॅमवर. जगाचा नाश टाळायला निघालेल्या मालकाबरोबर हा माळी घरून पातेली आणि मिठाची डबी घेऊन निघतो. मीठ! इथिलियनच्या रानात त्यांचा वाटाड्या गॉलम दोन ससे मारून आणतो, तर सॅम त्यालाच तमालपत्र शोधायला पिटाळू बघतो. कच्चं मांस खाणाऱ्या गॉलमला हा सगळा प्रकार म्हणजे चांगल्या सशाची नासाडी वाटते. चूल पेटते, रस्सा होतो, आणि त्याच चुलीच्या धुरामुळे फॅरामीर या सरदाराची माणसं त्यांना गाठतात. म्हणजे कथानकाला वळण तलवारीने दिलेलं नाही, चुलीने दिलंय. पुढे मॉर्डोरमध्ये, म्हणजे शत्रूच्या मुलखात, ओझं हलकं करायला सॅम ती पातेली खोल कपारीत टाकून देतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. युद्धाची वर्णनं मी भराभर उलटते. या पानावर थांबते.

सशांच्या रश्श्याचं ते प्रकरण टोल्किननी १९४४ साली लिहिलं, म्हणजे इंग्लंडात खाणंपिणं रेशनवर असताना. कादंबरीचा पहिला खंड बाजारात आला २९ जुलै १९५४ला, आणि मांसावरचं रेशन उठलं त्याच महिन्याच्या ४ तारखेला. चौदा वर्षांचा वनवासच की! सी. एस. लुइस यांच्या नार्नियामधला एडमंड टर्किश डिलाइट या मिठाईपायी भावंडांना दगा देतो. आजच्या मुलांना ते हास्यास्पद वाटतं. मिठाईवर जादू होती हे खरं, पण ते पुस्तक १९५०चं आणि ब्रिटनमध्ये मिठाईचं रेशन उठलं १९५३त. तेव्हाच्या मुलांनी मनातल्या मनात एडमंडला अर्धी माफी देऊन टाकली असणार.

ब्रायन जॅक्स यांच्या ‘रेडवॉल’ मालिकेतल्या मठवासी उंदरांच्या पंगती तर विचारूच नका. लिव्हरपूलमधल्या अंध मुलांच्या शाळेत जॅक्स दूध पोचवायचे. त्या मुलांना वाचून दाखवायला त्यांनी ही गोष्ट रचली, म्हणून तिच्यात वास आणि चवी इतक्या ठासून भरल्या आहेत. त्या उंदरांच्या ताटातलं मला बरंच काही कळत नाही, तरी भूक लागते.

‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिन यांच्यावर आरोप आहे की ते जेवणावळींत रमतात आणि पुस्तक पुरं करत नाहीत. २०११नंतर सहाव्या खंडाची वाट बघून लोकांचे केस पिकले. मी मार्टिनच्या बाजूने आहे, पण निम्मीच. राजाच्या लग्नात ७७ पदार्थ आणि नवरदेव पंगतीतच मरतो, हे ज्याला सुचतं त्याला थोडा उशीर माफ करावा. सगळा नाही.

हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाईंचा हिशेब सगळ्यात चोख. त्यांच्या जगात जादूने शून्यातून अन्न निर्माण करता येत नाही, तसा नियमच आहे. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतली मेजवानी खाली स्वयंपाकघरात बिनपगारी एल्फ रांधतात. हे कळल्यावर हॅरीची मैत्रीण हर्मायनी ताट बाजूला सारते. शेवटच्या पुस्तकात हॅरी, रॉन आणि हर्मायनी तंबूत राहतात, रॉन जेवणावरून कुरकुरतो, आणि हर्मायनी फणकारते की खाण्याचं बघायचं काम नेहमी माझ्याच गळ्यात, मुलगी आहे ना मी! त्या वाक्याला मी पुस्तक खाली ठेवून टाळी वाजवली.

महाभारतातही हे भान आहे. अज्ञातवासात भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहतो. खाणाऱ्याला एकदा रांधायला लावलं, हे मला फार आवडतं. आणि वनवासात थाळी आहेच, सूर्याने युधिष्ठिराला दिलेली. नियम एवढाच, की द्रौपदी जेवेपर्यंत अन्न संपत नाही. ती जेवली की थाळी रिकामी. म्हणजे घरची बाई सगळ्यांच्या शेवटी जेवणार, हे सूर्यदेवांनीही गृहीत धरलं होतं! ही थाळी तंबूत हर्मायनीच्या हाती पडती, तर ती आधी स्वतः पोटभर जेवली असती, आणि रॉनला मासे पकडायला धाडलं असतं.